थांब

साडेपाचला कन्नड सोडलं तेव्हा
तुमच्या सायकलीचा मागचा दिवा बंदच होता.
महावितरणचा माणूस, मी म्हटलं, आणि घरचाच उजेड गेलेला.
तुम्ही हसला नाहीत.
हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली ओढत राहिलात.

रजा चार दिवसांची.
वॉर्डातली नवी पोरगी म्हणाली, काहून जाता हो सिस्टर,
या वयात, सायकलीवर, तेबी गौताळ्यात?
लेकीकडं जावा ना निवांत.
मी दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी,
आणि तुमच्या गुडघ्याचा पट्टा,
तुम्हाला न सांगता.

चढ लागला.
दोन्ही अंगांनी पळस, पान म्हणून एक नाही,
नुसता रंग.
सालईच्या बुंध्यावर डिंकाचा ओघळ थिजलेला.
दुसरा गिअर, पहिला गिअर,
मग गिअरच संपले आणि आपण उतरून चालू लागलो,
तुम्ही पुढं, मी मागं,
मध्ये दोन सायकलींची टिकटिक.

असेच चाललो होतो त्या वर्षी,
उत्तराखंडात, हिमनदीच्या वाटेवर.
वाटाड्यानं एक धोंडा दाखवला,
त्यावर लाल रंगात सन घातलेलं.
म्हणाला, या साली बर्फ इथवर होता.
चाललो. पुढचा धोंडा, पुढचं सन.
माझ्या बाळंतपणाचं साल मागं पडलं,
तुमच्या परभणीच्या बदलीचं मागं पडलं,
बर्फ अजून पुढंच.

आणि दिसला तेव्हा पांढरा नव्हताच तो.
मळकट, राखाडी,
रसवंतीसमोर पोत्यात, भुश्शात गुंडाळून ठेवलेल्या लादीसारखा.
फट पडली होती तिथं मात्र निळा,
आणि खालून पाणी सारखं काहीतरी पुटपुटत होतं.
तुम्ही फटीकडं निघालात.
माझ्या छातीत हवा उरली नव्हती.
थांबा म्हणायचं होतं,
शेवटचा काना निघालाच नाही.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
तुम्ही थांबलात.
खरं सांगायचं तर, तू थांबलास.

मग तीन दिवस तू होतास.
तंबूची दोरी आवळताना तू,
पत्र्याच्या मगातला चहा अर्धा करताना तू,
रेल्वेच्या वरच्या बर्थवर घोरणारासुद्धा तू.
मनमाडला उतरलो, तुमच्या साहेबांचा फोन आला,
आणि मी म्हटलं,
तुमचा चार्जर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे बघा.
कधी ओसरलं, कळलं नाही.
तिथं कुणी धोंड्यावर सन घालत नाही.

तलावाशी सायकली आडव्या टाकल्या.
अजून शिमगा व्हायचाय, आणि पाणी एवढं आत!
गाळावर उतरत गेलेल्या रेघा,
नीलगाईचे खूर त्या ओलांडून थेट ओलीपर्यंत.
तुम्ही काडी घेऊन उकिडवे बसलात.
ही दिवाळीतली असंल, म्हणालात,
ही संक्रांतीची.
ही परवाची, अजून मऊ आहे.
बोट लावून पाहिलंत.
मीही लावलं.

दशम्या खाल्ल्या. माकडांनी एक नेली.
मग पायवाट, पठाराकडची, काळ्या खडकाच्या पायऱ्यापायऱ्यांची.
तुम्ही पुन्हा पुढं,
डावा पाय जरा ओढत,
पट्टा मागायचा नाही म्हणून आणखीच झपझप.

वर कुठंतरी मोर ओरडला.
मी उभी राहिले.
श्वास होता, भरपूर होता,
काना पुरा करून वर चार शब्द बोलता आले असते.

थांब, मी म्हटलं.

झाडीत कुणी नव्हतं, तरी तू आधी इकडं तिकडं पाहिलंस.
मग दगडावर टेकलास, पँट गुडघ्यापर्यंत वर केलीस,
आणि म्हणालास,
आणलायस ना तो पट्टा?
दे.